वेदुवे

हाना आजींनी कॉफीचा कप धरला की त्यांच्या बोटातल्या दोन अंगठ्या एकमेकींवर वाजतात. एक त्यांची, एक गेलेल्या नवऱ्याची. इथे हॉलंडात अशी रीत आहे. या वृद्धाश्रमात मी चादरी बदलते. माझे यजमान गेले, तेव्हा सरकारी फॉर्म घेऊन मी आजींकडेच गेले. त्या पूर्वी भाषा शिकवायच्या, माझी शाळा सातवीत सुटलेली.

"या चौकटीत खूण कर," त्या म्हणाल्या. "वेदुवे."

मी दचकले. "आमच्याकडे विधवा म्हणतात."

त्यांनी जाडजूड कोश उघडला. जुनं जर्मन, लॅटिन, संस्कृत, सगळीकडे तोच शब्द, आणि मुळात अर्थ एवढाच, की वेगळी पडलेली. हजारो वर्षं बायका हे एकच ऐकत आल्या असतील, आपापल्या दारात.

"तुझी खूण कुठंय गं?" त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहत विचारलं.

"काढायला लावली. सासूबाईंनी."

"त्या तर भारतात ना?"

"फोनवरून."

आजींनी माझा हात धरून आपल्या दोन अंगठ्यांवर ठेवला. त्यांचे उपकार कसे फेडू?

आता मंगळसूत्राच्या दोन वाट्या साध्या दोऱ्यात ओवून मी गळ्यात घालते. रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला, की वरून मफलर गुंडाळते.

"फार थंडी आहे का गं तिकडे?" त्या विचारतात.

मी हो म्हणते.