विलासची दाद

बातमी आली तेव्हा मी ड्रायक्लीनरच्या रांगेत उभा होतो. फोन विलासच्या मुलाचा, समीरचा. "काका, डॅड इज गॉन. हार्ट. धिस मॉर्निंग." मी म्हणालो, "ओके." जरा थांबून पुन्हा म्हणालो, "ओके, येतो मी." आणि तरीही मी रांगेतून बाहेर पडलो नाही. माझा नंबर आल्यावर शर्ट घेतले, सही केली, गाडीत मागच्या हुकाला ते नीट लटकवले आणि मगच विलासच्या घराकडे गाडी वळवली. त्याला आता दोन महिने होत आले. या काळात मी ऑफिसला गेलो, लॉन कापलं, सगळं केलं. आत काही हललं आहे असं अजून वाटत नाही. रडू आलं असतं तर कदाचित हे लिहायला बसलो नसतो.

विलास नागपूरचा, मी पुण्याचा. टेक्ससमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड या उपनगरात आमची घरं दोन गल्ल्या सोडून होती आणि ह्यूस्टनमधल्या एकाच कंपनीत आम्ही रिफायनरीच्या पाइपिंगची ड्रॉइंगं तपासायचो, त्यामुळे वर्षानुवर्षं एकाच गाडीतून जाणं-येणं. तो मला नावानं हाक मारत नसे. "पुणेकर" म्हणायचा. एखादं ड्रॉइंग मी "ठीक आहे" म्हणून परत केलं की सगळ्यांसमोर सांगायचा, "याचं ठीक आहे म्हणजे उत्तम आहे बरं का. याच्या लग्नात यानं बायकोलाही ठीक आहे म्हटलं होतं." त्याचं स्वतःचं सगळं मोठ्यानं. हसणं मोठ्यानं, शिंकणं मोठ्यानं, आणि गाणं ऐकणं तर फारच मोठ्यानं. त्याच्या वडिलांकडे नागपूरच्या महाल भागातल्या घरी गाण्याच्या बैठका व्हायच्या. लहानपणी सतरंज्या अंथरता अंथरता तो ऐकायला शिकला होता. ऐकायचं म्हणजे गप्प बसायचं, हे त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगितलं मी.

२००२ च्या सुरुवातीची गोष्ट. कामावर जाताना गाडीतल्या रेडिओवर कुठल्याशा छोट्या स्टेशननं एक गाणं लावलं. एक गिटार आणि एक म्हातारा, घोगरा आवाज, बाकी काही नाही. विलासनं मला गाडी कडेला घ्यायला लावली. "थांब बे. हा काहीतरी सांगून राहिला आहे." गाणं संपल्यावर निवेदिकेनं सांगितलं की हा गायक पुढच्या रविवारी दुपारी एका गावात गाणार आहे. गाव आमच्यापासून दीड तासावर. तिथल्या एका जुन्या लाकडी चर्चची प्रार्थना बंद झाली होती आणि कॅरल नावाच्या एका निवृत्त लायब्ररियन बाईनं त्याचा गाण्याचा हॉल केला होता. पुढे आम्ही त्याला नुसतं 'हॉल' म्हणत आलो. घडीच्या खुर्च्या, समोर वीतभर उंचीचं स्टेज, एक माइक. मध्यंतरात गावातल्या बायका घरून करून आणलेले अ‍ॅपल-पाय मांडायच्या. गाणारे बहुतेक एकेकटे यायचे, आपली गाडी आपणच चालवत, आपलं गाणं आपणच लिहिलेलं. सुरुवातीला कॅरल उभी राहून नियम सांगायची: फोन बंद, गाणं चालू असताना बोलायचं नाही, टाळ्या गाणं संपल्यावर. इथे लोक शब्द ऐकायला येतात, असं ती म्हणायची.

त्या काळाबद्दल एक सांगायला हवं. आदल्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले, त्यानंतरचे ते महिने होते. आम्ही सगळेच जरा आवाज कमी करून राहत होतो. माझ्या बायकोनं, सुजातानं, आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर अमेरिकेचा झेंडा लावला होता. सुपरमार्केटमध्ये मराठीत बोलताना मी इकडेतिकडे बघायचो. हॉलमध्ये आमच्याशिवाय सगळे गोरे, बहुतेक साठीच्या पुढचे, काहींच्या मांडीवर काउबॉय हॅट. मी मागची रांग धरणार होतो. विलास सरळ दुसऱ्या रांगेत जाऊन बसला.

तिसरं गाणं ट्रॅक्टरचं होतं. गायकाचे वडील शेत सोडताना ट्रॅक्टर विकतात. विकत घेणाऱ्याला ते अंगणात उभं राहून शांतपणे समजावतात, गिअर कुठे अडकतो, अडकला की हात कसा फिरवायचा. आणि गायक म्हणतो, आम्हा मुलांना त्यांनी इतकं कधीच समजावलं नव्हतं... ती ओळ पडली आणि विलासनं मांडीवर थाप मारली. "वाह! क्या बात है." पूर्ण हॉलमध्ये घुमेल असं. पुढच्या रांगेतली डोकी वळली. गायकानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं. तो चिडला असंच तेव्हा मला वाटलं. आता ते दृश्य मी पुन्हापुन्हा आठवतो आणि खात्री देता येत नाही... विलास त्या दुपारी आणखी तीन-चार वेळा तसं म्हणाला. कुठेही नाही, नेमकं ओळीवर. मागून कोणीतरी 'श्श' केलं. मी गुडघ्यांकडे बघत बसलो.

मध्यंतरात विलास पायच्या टेबलाकडे गेला आणि कॅरल माझ्याकडे आली. म्हणाली, "तुमचे मित्र मघाशी काय म्हणत होते? त्या शब्दाचा अर्थ काय?" एवढंच विचारलं तिनं. चेहऱ्यावर राग नव्हता. पण मी उत्तर दिलंच नाही. घाईघाईनं म्हणालो, "आय अ‍ॅम सो सॉरी. मी सांगतो त्याला. पुन्हा होणार नाही." ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात तिला कोणी हाक मारली. "ओह," म्हणाली आणि गेली.

परतीच्या वाटेवर मी विलासला सांगितलं की कॅरलनं तक्रार केली. तेवढंही पुरलं नाही म्हणून वर जोडलं, "पुन्हा असं झालं तर येऊ नका म्हणाल्या." त्यानं काच खाली केली. मग म्हणाला, "असं म्हणाली? त्या बाईनं तर मला पाय दोनदा वाढला बे." मी म्हणालो, "त्यांची पद्धत असते. तोंडावर बोलत नाहीत." तो म्हणाला, "अन् मग तो बिचारा तिथे एकटा गाऊन राहिला, त्याला कळणार कसं, पोचलं की नाही ते?" मी म्हणालो, "शेवटी टाळ्या वाजवतात ना." "टाळ्या गाण्याला झाल्या," तो म्हणाला. "ओळीला काय?" मी रेडिओ लावला.

मला वाटलं होतं, तो आता जाणार नाही. पण तो जवळजवळ दर महिन्याला जात राहिला, पाच वर्षं. सुरुवातीला मीही जायचो. तो त्याच दुसऱ्या रांगेत बसायचा, अगदी शहाण्यासारखा. ओळ आली की त्याचा हात मांडीवरून उचलला जायचा, हवेत थांबायचा आणि हळूच परत खाली यायचा. ते बघून पहिल्यांदा मला हायसं वाटलं होतं. हे लिहिताना बोटं थांबतात, पण वाटलं होतं हे खरं आहे. नंतर नंतर मला तो हात बघवेना. मग माझी कारणं सुरू झाली. प्रोजेक्टची डेडलाइन, मुलीचं स्विमिंग, पाठदुखी. त्याला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दीड तास जाताना, दीड तास येताना, शेजारी शेजारी बसून... ते वाक्य मी बोललो नाही. आधी लाज वाटायची म्हणून, आणि मग इतका काळ गेला की आता काय सांगायचं म्हणून.

शेवटचा भेटला तो माझ्या घरासमोरच्या ड्राइव्हवेत. परसातली मेथी द्यायला आला होता.

"पुढच्या महिन्यात येतो का बे हॉलवर? वेस्ट टेक्ससची एक बाई येऊन राहिली आहे. जबरदस्त लिहिते."

"बघतो. जमेलसं वाटत नाही."

"तुला हे आवडतच नाही ना?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

मी मेथीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तो हसला. "जाऊ दे. ठीक आहे म्हण." आणि गेला. पुढच्याच आठवड्यात मी ड्रायक्लीनरच्या रांगेत उभा होतो.

वेस्ट टेक्ससच्या त्या बाईच्या कार्यक्रमाच्या आधी कॅरलनं विलासच्या बायकोला, नीलावहिनींना, फोन केला. विलासच्या खुर्चीवर त्या दिवशी कोणी बसणार नाही, तुम्ही याल का, असं विचारलं. वहिनी तोवर हॉलवर कधीच गेल्या नव्हत्या. इंग्रजी गाणी त्यांना फारशी समजत नाहीत. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही न्याल का? तुम्हाला रस्ता माहीत आहे."

हॉलमध्ये सगळं तसंच होतं. दुसऱ्या रांगेतली एक खुर्ची रिकामी, तिच्यावर काही ठेवलेलं नाही, फूल नाही, फोटो नाही. मला ते बरं वाटलं. वहिनी तिच्या शेजारी बसल्या, मी त्यांच्या पलीकडे. मध्यंतरात बायका वहिनींभोवती जमल्या, हात हातात घेऊन बोलायला लागल्या आणि कॅरल माझ्याजवळ आली. ती आता काठी घेऊन चालते. म्हणाली, "मी तुम्हाला एकदा एक शब्द विचारला होता. तुम्ही सांगितला नाही."

मी सांगितला. तो कधी म्हणतात तेही सांगितलं. गाणाऱ्याची एखादी जागा आत पोचली की ऐकणारा तिथल्या तिथे पोचपावती देतो, आमच्याकडे तसंच ऐकतात, न बोललं तर गाणारा खट्टू होतो, असं सगळं. ती काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "मला ती प्रार्थना वाटली होती. त्या गायकानं जाताना मला विचारलं होतं, तो दुसऱ्या रांगेतला माणूस कोण. त्याला पुन्हा बोलाव म्हणाला. मग पुढच्या वेळी तुमचे मित्र आले ते गप्प. नंतरही गप्पच. मला वाटलं, आमची गाणी त्यांना पहिल्यासारखी आवडत नाहीत, भिडेनं येतात." मी काय केलं ते तिलाही सांगितलं नाही. दिवे मंद झाले आणि आम्ही जागेवर गेलो.

परतताना गाडीत वहिनी डोळे मिटून होत्या. घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचं ऊन अजून होतं. "चहा घेऊन जा," म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. आधण ठेवून त्या ओट्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "मग, आज काय म्हणाली बाई?"

मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, "हे हॉलवरून आले की इथेच येऊन उभे राहायचे, तुम्ही उभे आहात ना, तिथे. बूटसुद्धा काढायचे नाहीत. गाण्यातली एक ओळ मराठीत करून मला सांगायचे, अन् मग स्वतःच वाह म्हणायचे. असे जोरात, की मी म्हणायची, अहो हळू, पोरगा अभ्यास करून राहिला आहे." थोडं हसल्या. "तिथेही असेच ओरडत असतील ना? आज बघितलं, किती शांत बसतात ते लोक. यांना कसं काय चालवून घेतलं त्यांनी?"

'हो' म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं. इतक्या वर्षांत तेवढं मला सराईतपणे जमत होतं. पण मी सांगितलं. कॅरलनं तेव्हा काय विचारलं, मी विलासला काय सांगितलं, आज कॅरल काय म्हणाली, सगळं एका सुरात, हजेरी घ्यावी तसं. आवाज कापला नाही, डोळे भरले नाहीत. सांगता सांगता मी ओट्यावरच्या साखरेच्या डब्याकडे बघत होतो.

वहिनी म्हणाल्या, "यांना वाटायचं, कॅरल फार कडक आहे. तिला आवडावं म्हणून नाताळात चिवडा घेऊन जायचे." चहा उतू जायला आला होता, त्यांनी गॅस बारीक केला. मी म्हणालो, "वहिनी, मी..." त्यांनी हातानंच थांबवलं.

"बाईची ओळ सांगा आधी."

मी आठवायला लागलो. मला भीती वाटली की आठवणारच नाही, कारण त्या हॉलमध्ये मी नेहमी लोकांकडे बघत आलो, शब्दांकडे नाही. पण एक आठवली. नवरा गेलेल्या बाईचं गाणं होतं. ओसरीवरचा दिवा ती दिवसाही चालूच ठेवते, कारण त्याचं बटण आहे तिथे खाली अजून नवऱ्याचे बूट आहेत, आणि बटण बंद करायचं तर ते बाजूला करावे लागतील... मी ते मराठीत सांगितलं, जमेल तसं.

वहिनींनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "म्हणा."

"काय?"

"हे म्हणायचे ना, ते."

मी म्हणालो, "वाह." ड्रॉइंगवर शेरा मारावा तसं निघालं ते.

"मोठ्यानं," वहिनी म्हणाल्या.