चुन्याचं घमेलं

गोराईत डुकरं पाळणाऱ्या एका माणसाकडे मी गुरांची डॉक्टर म्हणून जाते. दारातच तो मला चुन्याच्या घमेल्यात उभी करतो. "बूट बुडवा ना डॉक्टर. रोग बाहेरचेच लोक आणतात. आपलं काम एकदम चोख!"

गेल्या वर्षी डुकरांच्या तापाची साथ आली आणि त्याचं एकूण एक डुक्कर दगावलं. या तापावर औषध नाही. त्याने खापर फोडलं ते बोटीतून येणाऱ्या लोकांवर, कावळ्यांवर आणि अर्थात माझ्या बुटांवर.

यंदा नवी पिल्लं आली, त्या खुशीत त्याने मला जेवायला थांबवलं. फ्रीजरमधलं मांस काढून धुतलं आणि ते लालसर पाणी पिल्लांच्या खरकट्याच्या बादलीत ओतलं.

"मांस कधीचं?"

"साथीतलंच. दोन डुकरं मलूल दिसली, तेव्हाच कापून ठेवली. फुकट कशाला घालवायची?"

हा विषाणू बर्फात महिनोन्‌महिने जिवंत राहतो, हे या शहाण्याला मी दहादा सांगितलं होतं. मी बादली लाथेने उलटवली. पाणी माझ्या बुटांवर उडालं.

तो धावत जाऊन चुन्याचं घमेलं घेऊन आला.

"बूट बुडवा, डॉक्टर."