घरचीच मेंढरं विसरलेली नंदा

बोरी बुद्रुकच्या मेंढपाळ भिमाची लेक नंदा पुण्यात शेतीवर संशोधन करायची. आख्खं गाव कंप्युटरात भरायचं आणि या वाटेनं शेती केली तर वीस वर्षांनी जमीन कशी, त्या वाटेनं केली तर ताटात काय, हे मांडून बघायचं, असलं काम. गाव तिला 'भविष्यवाली' म्हणायचं, आणि तिच्याच लग्नाचं भविष्य हळूच विचारून घ्यायचं!

दोन हजार चारची दिवाळी नुकतीच सरलेली. सोमवारी साहेबांपुढं मांडणी, आणि कंप्युटरातली जमीन खऱ्या जमिनीशी जुळेना. जुळली नाही तर दोन वर्षांचं काम बासनात. गावातल्या कुंडलिकभाऊंचं रान कंप्युटरात सालोसाल भकास होत चाललेलं; माती तपासली तर कस हा एवढा!

शनिवारी बाई गावानं भरून दिलेले खताचे फॉर्म घेऊन थेट भाऊंच्या बांधावर.

"भाऊ, खरं सांगा, शेणखत किती विकत घेतलं?"

"एक पाटी न्हाई."

"मग चोरून आणलं?"

"आता गं! म्हाताऱ्याला चोर ठरवती व्हय?" कुंडलिकभाऊ इतके हसले की हातातली तंबाखू सांडली. "तुझ्या बापाला इचार की! पीक निघालं की दर साली त्याची मेंढरं कुणाच्या रानात बसत्यात?"

नंदा गारच पडली. मेंढरं रानात बसवायची, लेंड्या-मुतानं रान खतवायचं, बदल्यात मेंढपाळाला धान्य द्यायचं. यात 'विकत' कुठं आलं? म्हणून गावानं फॉर्मात इमानदारीनं शून्य लिहिलेलं. आणि फॉर्म केला कुणी? दहावीपर्यंत त्याच मेंढरांत वाढलेल्या हिनं!

ती धावतच बापाच्या मेंढरांच्या तळावर पोचली.

"आबा, मेंढरं किती? कुणाच्या रानात किती दिवस?"

"लई शिकली गं माझी बाय! घरचीच मेंढरं इसरली!" म्हणत भिमानं तेवीस रानं तोंडपाठ सांगितली. नंदा मातीत फतकल मारून फॉर्मांच्या पाठी भरत सुटली.

रविवारी दुपारी पुण्यात तिनं आकडे घातले. कंप्युटरातली वाकडी चाललेली कसाची रेघ खऱ्या मातीच्या रेघेवर अलगद येऊन टेकली. मग तिनं एका वाटेवरून मेंढरं काढून बघितली. त्या वाटेत बारमाही पिकं, रान कधी मोकळंच नाही, मेंढरांना जागा नाही. रेघ धाडकन खाली! नंदा अशी ओरडली की वॉचमन जिना चढून आला.

"काय झालं, ताई?"

"बसली, काका! मेंढरं बसली!"

काकांनी आधी टेबलाखाली वाकून बघितलं.