डाव्या हाताने चालणारा जॅक

सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी सांगलीतल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, त्याच सुमारास सैन्यातून घरी परतले. चौदा वर्षं त्यांनी तिथं गाड्या चालवल्या होत्या. ट्रकच्या एका अपघातात त्यांचा उजवा खांदा निखळला. बसवल्यावर सहा महिन्यांनी तो पुन्हा निखळला, आणि त्यानंतर तो हात छातीच्या वर जाईना. जेवताना, सही करताना, स्टिअरिंग धरताना हे कुणाच्या लक्षात येत नसे. गिअर तर डाव्याच हाताला होता. घरात मला आणि बहिणीला ठाऊक होतं. बाहेर बोलायचं नाही, असं दाजींनी आम्हाला बजावलं होतं.

मेढ्याच्या एका डॉक्टरांकडे त्यांना जीपवर नोकरी लागली. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस जावळीतल्या डोंगरावरच्या गावांत जात. फोर व्हील ड्राइव्ह नसलेली गाडी त्या वाटांवर चढत नसे, आणि अणकुचीदार दगडांनी टायर फाटणं नेहमीचं होतं. नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती. औषधांच्या पेट्या भरल्यावर गाडीत तिसऱ्या माणसाला जागा उरत नसे, म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एक अट घातली होती. चाक बदलायचं ते ड्रायव्हरनं एकट्यानं.

दुसऱ्या महिन्यात मागचं चाक पंक्चर होऊन बसलं. गाडीत जुना स्क्रू जॅक होता. त्यात दांडा घालायचा आणि गोल फिरवत राहायचं. दाजींना सव्वा तास लागला. वरच्या गावात जमलेले रोगी तोवर कंटाळून शेतात निघून गेले. डॉक्टर रागावले नाहीत. जॅकचे आटे गेलेत असं दाजींनी सांगितलं, ते त्यांनी मानून घेतलं. औषधं आणायला महिन्यातून एकदा जीप सांगलीला येत असे. या खेपेला हवा तो जॅक निवडून आणा, असं त्यांनी सांगितलं. पण पुन्हा इतका वेळ लागला तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, हेही त्याच सुरात सांगितलं.

दाजी सांगलीला आले तो दिवस माझ्या साप्ताहिक सुटीचा होता. मी आदल्या रात्रीपासून तयारी केली होती असं नाही, पण सकाळी जीप दारात लागताच फूटपट्टी घेऊन खाली वाकलो आणि ॲक्सल जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं. नऊ इंच. वहीत लिहून घेतलं. पेपरातल्या माणसाला आकडा हातात असला की बरं वाटतं.

मार्केट यार्डाच्या मागे, हळदीचे ट्रक जिथं रांगेनं उभे असत, तिथं एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. ट्रकवाल्यांचे जॅक ते दुरुस्त करत आणि दुरुस्त केलेले विकतही. फळीवर दहा-बारा जॅक मांडलेले होते. दाजींनी त्यातला सर्वांत मोठा मागितला. भरलेला ट्रक उचलणारा, पाच टनांचा. सैन्यात तोच असायचा, असं ते म्हणाले. मला त्याचं कारण वेगळं वाटलं. मोठं हत्यार मागणाऱ्या माणसाच्या ताकदीबद्दल कुणी शंका घेत नाही.

चाचांनी फळीला हात लावला नाही. गिऱ्हाइकाची गाडी पाहिल्याशिवाय आणि चाकातली हवा सोडल्याशिवाय ते जॅक दाखवत नसत. मी पेपरात आहे हे दाजींनी त्यांना आल्या आल्या सांगितलं होतं. मी वही काढून नऊ इंच सांगितले.

“हवा असताना मापलं का नसताना?” चाचांनी विचारलं.

“असताना,” मी म्हणालो.

“पंक्चर झाल्यावर गाडी बसती. तुमचं नऊ इंच तवा सहा व्हत्यात. पेपरात छापू नका, पावनं, लोक फसतील.”

शेजारच्या ट्रकचा क्लीनर हसला. दाजीही हसले. चाचांनी मागच्या डाव्या चाकातली हवा सोडली. जीप एका बाजूला कलली. पाच टनांचा जॅक ॲक्सलखाली धरून पाहिला, तो निम्मासुद्धा आत जाईना. भरल्या ट्रकसाठी केलेली वस्तू रिकाम्या जीपखाली मावत नाही, हे पाहिल्यावर कळायला सोपं होतं.

मग त्यांनी कैचीसारखा मिटणारा जॅक काढला. तो सहज आत गेला. दाजी गुडघ्यावर बसून दांडा फिरवू लागले. सात-आठ फेऱ्या झाल्या. जीपचं वजन जॅकवर आलं तसा त्यांचा हात थांबला. डाव्या हातानं फिरवावं तर दांडा ओढून घ्यायला उजवा हात लागत होता, आणि गाडीखाली वाकल्यावर तो डोक्याच्या पुढं जात नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम आला.

“आटं लय घट्ट हायेत,” ते म्हणाले.

चाचा खाली बसले. दोन बोटांनी त्यांनी दांडा अर्धा फेरा फिरवला आणि जॅक उतरवून फळीवर परत ठेवला. घट्ट आहेत किंवा नाहीत, यावर त्यांनी मत दिलं नाही.

नंतर त्यांनी तेलावर चालणारा लहान जॅक आणला. बाटलीच्या आकाराचा, तीन टनांचा. दांडा वर-खाली करायचा, बाकी काम तेल करतं. तो त्यांनी दाजींच्या डाव्या बाजूला ठेवला. दांड्याला हातभर लांबीची नळी जोडली, म्हणजे जोर कमी लागेल. पण हा जॅक मिटलेला असताना सात इंच होता आणि ॲक्सल सहावर.

चाचा दुकानात गेले आणि बाभळीचा एक ठोकळा घेऊन आले. एका बाजूनं उतरता तासलेला. बसलेल्या चाकापुढं तो ठेवून त्यांनी दाजींना जीप हळूच पुढं घ्यायला लावली. चाक ठोकळ्यावर चढलं, ॲक्सल दोन इंच वर आलं आणि जॅक त्याखाली मावला.

“आता मागचं चाक उचलल्यावर हँडब्रेकचं काय?” चाचांनी विचारलं. ती परीक्षा होती.

“धरत न्हाई,” दाजी म्हणाले. “त्यो मागच्या शाफ्टवर असतुय, एक चाक उचललं की सुटतुय. गाडी गिअरमधी ठेवायची, फोर व्हील टाकायचं, म्हंजी पुढची चाकं धरत्यात. वर चाकास्नी दगड लावायचं. हे मला शिकवू नका, चाचा.”

“मग फकस्त जॅकच शिकायचा ऱ्हायलाय.”

दाजींनी दुपारभर तिथं चाक काढलं आणि बसवलं, चार वेळा. गाडी जमिनीवर असतानाच पान्यावर पाय देऊन नट सैल करायचे. मग ठोकळा, मग जॅक. चाक उचलताना ते रस्त्यावर बसत, दोन्ही पायांचे चवडे टायरखाली घालत आणि पायांनीच ते वर करत. हातांना फक्त छिद्रं जुळवायची असत. पहिल्या खेपेला पन्नास मिनिटं लागली, चौथ्या खेपेला अठ्ठावीस. ही वेळ मी घड्याळ लावून घेतली आहे.

पुढचा भाग मी पाहिलेला नाही. दाजी आणि डॉक्टर यांच्याकडून वेगवेगळ्या वेळी ऐकला. तिसऱ्या महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, चढावर, डॉक्टर गाडीत असताना पंक्चर झालं. दाजींच्या म्हणण्याप्रमाणे चाक वीस मिनिटांत बदललं, डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे अर्ध्या तासात. डॉक्टर सुरुवातीला पुस्तक वाचत बसले होते. दाजी पायांनी चाक उचलायला लागले तेव्हा ते खाली उतरले आणि शेवटपर्यंत जवळ उभे राहिले. मदत केली नाही. अट त्यांचीच होती.

चाक घट्ट करून दाजी उठले, तेव्हा डॉक्टरांनी खांदा कधीपासून दुखतो असं विचारलं.

“दुखत न्हाई, सायेब. वर जात न्हाई.”

डॉक्टरांनी तिथंच त्यांना शर्ट काढायला लावला, हात धरून वळवून पाहिला. पूर्ण बरा होणार नाही, असं सांगितलं. मग हे पहिल्या दिवशीच का सांगितलं नाही, असं विचारलं.

“सांगितलं असतं तर ठेवला असता का?”

“नसता,” डॉक्टर म्हणाले.

वेळेबाबत दोघांच्या सांगण्यात फरक असला, तरी या दोन वाक्यांबाबत नव्हता.

गावात पोचल्यावर रोगी बसलेलेच होते. महिना संपला तेव्हा बोलीचा विषय डॉक्टरांनी काढला नाही, दाजींनीही काढला नाही. त्यानंतर ती जीप विकेपर्यंत तेच ती चालवत होते. फक्त चाक बदलायची वेळ आली की डॉक्टर पुस्तक मिटून खाली उतरत आणि ठोकळा स्वतः लावत.