आमच्याच दारात

वकिलानं माझ्या बापाला बापाच्याच घराच्या दारात उभं केलं. चपला फाटकाबाहेर काढायला लावल्या. वैशाखाचं ऊन. फरशी तापलेली. आबा एक पाय उचलत, एक टेकत उभे. मी शेजारी. वकील आत, पंख्याखाली.

आबा होटगीला रेल्वेत गँगमन होते. रिटायर झाल्यावर मिळालेलं सगळं त्यांनी सोलापुरातल्या या घरात घातलं. आम्ही होटगीतच राहिलो, घर वकिलाला भाड्यानं दिलं. अकरा महिन्यांचा करार. तो संपला. आईला डायलिसिस लागलं होतं, आम्हाला सोलापुरात यायचं होतं. आबांनी आधीच सांगून ठेवलेलं. वकील मान डोलवायचा आणि हलायचा नाही. दारावरची आबांच्या नावाची पाटी काढून त्यानं स्वतःची लावली.

मोठा माणूस. सभांमधून न्यायावर बोलणारा. आणि दुसऱ्याच्या घरात ढेकणासारखा चिकटलेला.

आबा म्हणाले, बायकोला जाऊन-येऊन लई त्रास होतोय, मेहरबानी करा. आपलंच घर मागायला मेहरबानी! वकिलाच्या बायकोनं पाणी आणलं. मोलकरणीसाठी खिडकीत ठेवलेल्या प्लास्टिकच्या पेल्यात.

वकील म्हणाला, "अरे, तुम्हाला क्वार्टरातल्या खोलीची सवय. एवढं घर घेऊन करणार काय? जा, केस टाक. माझ्याविरुद्ध उभा राहणारा वकील शोधून दाखव."

आबा त्याच्या बापाच्या वयाचे. तरी त्यांनी हात जोडले.

वकिलापेक्षा मला त्या जोडलेल्या हातांची जास्त चीड आली. आज्यानंही असेच जोडले असणार, कुणाच्या तरी दारात. मी ते हात धरून खाली ओढले.

"आबा, मागू नका. आपलं हाय."

मी फाटकाशी जाऊन पायात परत चपला घातल्या. आत शिरले. हॉलमधल्या खुर्चीत बसले.

"ऊठ तिथून," वकील म्हणाला.

"खुर्ची तुमची हाय, घेऊन जावा. घर आमचं हाय."

पोलिसांना बोलावतो म्हणाला. मी म्हटलं, बोलवा. बोलावलं नाही.

मग मी आमच्यासाठी वकील शोधत हिंडले. केस कुणाविरुद्ध ते ऐकलं की लोक चहा पाजून वाटेला लावायचे. शेवटी अक्कलकोटच्या एका नव्या वकीलबाईनं केस घेतली. तारखा चालू आहेत. आई अजून होटगीहून ये-जा करते.

परवा कोर्टाच्या आवारात तो जवळ आला. आता मी 'ताई' झाले होते. आपसात मिटवू म्हणाला, मुलीच्या लग्नापर्यंत राहू द्या. इस्त्रीचा काळा कोट, आत नुसता लाचार माणूस. कीव येईल वाटलं. आली नाही.

"मिटवायचं न्हाय," मी म्हटलं. "रिकामं करायचं."