चोक नसलेलं मशीन

गिरणीचा संप लांबतच गेला, तेव्हा मी विक्रोळीला एका कारखान्याच्या वसाहतीत बागकामाला लागलो. बारा वर्षं माग चालवलेला माणूस झाडांचं काय करणार, असं बायको म्हणाली. पण नुकतंच तिथे गवत कापायचं पेट्रोलवरचं नवीन मशीन आलं होतं आणि बागेच्या साहेबांना यंत्राला हात लावलेला माणूस हवा होता.

तोवर तिथलं गवत तीन बायका विळ्याने कापायच्या. त्यांतली सगळ्यात मोठी, मालवणकडची, सगळेच तिला मावशी म्हणायचे. मशीन आलं आणि त्या तिघींना पालापाचोळा गोळा करायला लावलं. दोघी कुरकुरल्या. मावशी कुरकुरली नाही. खराटा कडुनिंबाला टेकवून सरळ माझ्याजवळ आली.

"माका शिकव."

"काय शिकवू? मलाच अजून नीट कळलं नाहीये."

"मग दोघांनी शिकूया."

मशीनला दांड्यावर एकच खटका होता, त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. ते थ्रॉटल. कासवाकडे नेलं की इंजिन मंद, सशाकडे नेलं की जोरात. तेवढं कळलं. पण मी चोकचा खटका शोधत होतो. शेजाऱ्याच्या स्कूटरला चोक होता. गार इंजिनाला सुरुवातीला हवा कमी, पेट्रोल जास्त लागतं, म्हणून तो ओढायचा आणि गाडी तापली की परत ढकलायचा. इथे तसं काहीच नव्हतं. मी साहेबांना जाऊन सांगितलं, मशीनला चोक द्यायचा राहिलाय. ते हसले. म्हणाले, "ऑटोमॅटिक आहे रे. आतली झडप इंजिन बंद असताना मिटलेली असते. चालू झालं की त्याच्याच ओढीने उघडते. तू फक्त दोरी ओढ."

मी हे मावशीला सांगितलं. तिला ते फार आवडलं. "म्हणजे श्वास घेताना तोंड उघडता, तसां," ती म्हणाली.

आम्ही चालवायला लागलो. मी ढकलायचो, ती पुढे दगड, काटक्या उचलत जायची. दोन-चार दिवसांतच तिच्या लक्षात आलं. दाट गवतात इंजिनाचा आवाज खाली बसायचा, मशीन बंद पडायच्या बेताला यायचं आणि मी तसाच ढकलत राहायचो.

"वाढव रे! गुदमरता हा तां!"

मावशी बाजूने ओरडत होती. मी वळून पाहिलं तेव्हा मशीन बंद पडलं होतं. ती समोर येऊन मोठ्याने म्हणाली, "तुका ऐकाक येणा नाय?"

मागांच्या खडखडाटात कान गेले होते. माणसाचं बोलणं समोरून, जरा मोठ्याने असलं तर कळायचं. इंजिनाचा चढ-उतार नाही. हे मी घरीसुद्धा धड सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मावशी माझ्या नजरेसमोर राहून चालायला लागली. आवाज बसला की तळहात वर करायची, मी थ्रॉटल सशाकडे न्यायचो. हात खाली, की कासवाकडे. पावसाळ्यातलं गुडघ्याएवढं गवत आम्ही असंच उतरवलं.

पुढे एका सकाळी मशीन सुरू झालं, काळा धूर ओकून मेलं. पुन्हा दोरी ओढली, पुन्हा तेच. पेट्रोलचा वास सुटला. साहेब आले, मावशीला मशीनजवळ बघून भडकले. "हिने हात लावला असणार. उद्यापासून ही मशीनपाशी दिसायला नको."

मावशी खराटा घ्यायला वळली. कानाचं सांगितलं तर माझीच वाट लागणार होती. संपातली किती माणसं कामासाठी दारात उभी होती. पण ती पाठमोरी जाताना मला बघवेना.

"साहेब, मला इंजिन ऐकू येत नाही. ती ऐकते, म्हणून चालतं."

साहेबांनी कारखान्यातला मेकॅनिक बोलावला. त्याने हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर उघडला. झडप ओढणारा पातळ पडदा फाटला होता, त्यामुळे झडप मिटलेलीच राहत होती. हवा नाही, नुसतं पेट्रोल. "कुणाची चूक नाही," तो म्हणाला, "पडदाच कच्चा निघाला, बस."

नवा पडदा बसला त्या दिवशी साहेब स्वतः आले. मशीन मावशीने चालवायचं, मी गवताची पोती भरायची, असं ठरवलं. ते माझ्या मनाला लागलं. पोतं उचलून मी बाजूला झालो.

मावशीने पदर खोचला, दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला इंजिन चालू झालं. ती पहिल्याच वळणावर लिलीच्या वाफ्यात घुसली, चार लिल्या गेल्या, आणि ती एवढ्या मोठ्याने हसली की मलाही ऐकू आलं.

"ये, धर मागसून!" ती ओरडली.

मी पोतं टाकलं आणि दांडा धरायला गेलो.