मोहाला वळसा घातलेली तार

हौशीचा नवरा सुकऱ्या वसईच्या खाडीत रेतीच्या बोटीवर कामाला गेला. बोट उलटली आणि तो सापडलाच नाही. देह मिळाला नाही म्हणून हौशीने कुंकू पुसलं नाही. मजुरी करून तिने एकुलत्या मुलीला, चैतीला, वाढवलं आणि जामसरला दिलं.

यंदा जव्हार-मोखाडा रस्ता रुंद करण्याआधी जमिनीखालची जुनी टेलिफोनची तार कुठून जाते ते शोधायचं काम निघालं. जव्हारचा कमलेश यंत्र घेऊन आला. तारेच्या टोकाला चिमटा लावून तो त्यात थोडी वीज सोडायचा आणि दुसरं यंत्र जमिनीलगत धरून चालायचा. विजेमुळे तारेभोवती तयार होणारं चुंबकीय क्षेत्र मातीतून वर येई आणि यंत्र गुणगुणू लागे. ऐन तारेवर आवाज सगळ्यात मोठा. तिथे मजुरीवर आलेली हौशी खुणेसाठी चुन्याची पांढरी फक्की टाकायची. चैती तान्ही असताना या तारेसाठी चर खणला, तेव्हा ती आणि सुकऱ्या मजुरांत होते.

एका मोकळ्या माळावर आवाज एकाएकी बारीक झाला. कमलेश डावीकडे सरकला, तसा पुन्हा वाढला.

"इथे तार वाकडी का नेली असेल, मावशी? आड तर काहीच नाही."

हौशी फक्की टाकत गेली. रेघ अर्धगोल वळून पुन्हा सरळ झाली. तिने मागे वळून पाहिलं आणि ती तिथेच खाली बसली.

"इथं मोह व्हता. त्याला माझ्या चैतीची झोळी टांगलेली असायची. मुकादम म्हणला, झाड पाडा. माझा माणूस म्हणला, पोरीची सावली जाईल, मी वळसा घालून खणतो."

मोह मागेच कुणीतरी तोडून नेला होता. बुंधाही उरला नव्हता.

"पुन्हा एकदा फिरवा ना," ती म्हणाली. कमलेशने त्या वळणावरून यंत्र सावकाश फिरवलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

"हे पाण्यात चालतं का, भाऊ? खाडीत?"

कमलेशला सुकऱ्याचं ठाऊक होतं. "तार असली तरच बोलतं, मावशी. माणूस नाही सापडत यात."

तिने मान हलवली आणि फक्कीची पाटी उचलली.

संध्याकाळी तिने चैतीला फोन लावून सगळं सांगितलं.

"मला तर बाबाचं तोंडही आठवत नाही, आये."

"तुला कसं आठवंल? तू निजलेली असायचीस."

चैतीने विचारलं, "झाड केवढं होतं?"

हौशी सांगू लागली.